घरट्याची मोजणी

आमच्याकडे पहाटेचा चहा साडेपाचला होतो. मी ओसरीत खुर्चीवर, दिव्यानीची आई पायरीवर, मध्ये कालचं वर्तमानपत्र. आमच्या मूल गावाला ताजं वर्तमानपत्र साडेसातला येतं, आणि मेलेल्या माणसाला एक दिवस उशीर झाला तरी चालतो. मी मोठ्यानं वाचतो, ती ऐकते. आधी अपघात, मग वाघ कोणत्या गावाला निघाला ते, शेवटी निधनवार्ता. ओळखीचं कोणी निघालं तर ती कप खाली ठेवते, नसलं तर एक घोट घेते. एक्केचाळीस वर्षं असं चाललं. यंदाच्या मे महिन्यात एका पाखरानं ते मोडलं. मी पाखरानं म्हणतो खरा, पण मनातून नाव गुणवंतरावाचंच घेतो.

गुणवंतराव मोहुर्ले म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचा. एसटीत ड्रायव्हर होता. बायको कांताबाई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून एकटाच. त्याच्या परसाला बाग म्हणायचं तर बाग या शब्दाची माफी मागावी लागेल. अडुळसा माजलेला, शेवगा वाकलेला, नळ गळतो म्हणून कायमचं डबकं, आणि भिंतीपासून पेरूपर्यंत कोळ्यांची जाळी. झाडणं त्याला माहीत नाही. माझं परस त्याच्या उलट. मी मोजणी खात्यात तेहतीस वर्षं काढली आहेत. माझा झेंडू दोरी लावून ओळीत उभा राहतो, विटांना दर दिवाळीला चुना मिळतो, आणि दर रविवारी मी लांब झाडूनं कोळ्याची जाळी काढतो. पाखरांनी कुठं यावं, हे एखाद्या सुज्ञ पाखराला सांगायची गरज नव्हती.

पण दूधराज गुणवंतरावाच्या आंब्यावर आला.

पुस्तकात याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. आमच्याकडे दूधराज. नर दुधासारखा पांढरा, डोकं काळं, डोक्यावर तुरा, आणि शेपटीला हातभर लांबीच्या दोन पांढऱ्या फिती. उडाला की एखाद्या लग्नघरातून कोणी रिबीन पळवल्यासारखं दिसतं. मादी तांबडी, साधी. या दोघांनी आंब्याच्या एका बारीक फांदीवर वाटीएवढं घरटं बांधलं. गवताच्या काड्या आणि त्यांना बांधायला कोळ्याची जाळी. कोळ्याची जाळी गुणवंतरावाकडे गाडीभर. माझ्याकडे शून्य. स्वच्छतेचं फळ असं मिळतं.

पहिल्या दिवशी गुणवंतरावानं भिंतीवरून हाक मारली. "आशाबाई, या इकडं. एक गंमत दाखवतो."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही. मी तिला दिव्यानीची आई म्हणतो, ती मला दिव्यानीचे बाबा. माझ्या घरात 'आशाबाई' हे नाव रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर कोणी मोठ्यानं उच्चारलेलं नव्हतं. ते असं उजाडता उजाडता भिंतीवरून येईल आणि ती लगबगीनं उठेल, याची मला सवय नव्हती. चहाचा कप घेऊन ती गेली. निधनवार्ता तेव्हा तिसऱ्या ओळीत होती.

तासाभरानं परत आली. चेहरा असा की जणू मार्कंड्याचं दर्शन घेऊन आली.

"तुम्ही या न पाह्यले," ती म्हणाली. "अंड्यावर नर बसून होता. नर. शेपूट बाहेर लोंबून राह्यली. मादी पाण्यावर गेली तं हा बसला. मादी आली तं हा उठला."

"बसन. त्याले दुसरं काम काय हाय."

"दिव्यानीच्या वेळेस तुमाले काय काम होतं?"

"सिंदेवाहीची मोजणी होती."

"सिंदेवाही कुठी पळून जात होती काय?" असं म्हणून ती आत गेली.

मी एका पाखराशी तोलला जातोय हे माझ्या लक्षात आलं. माणूस माणसाशी तोलला गेला तर वजन, उंची, पेन्शन अशी काही मापं असतात. शेपटीच्या बाबतीत माझं काहीच चालण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बोलावलं, तिसऱ्या दिवशी बोलावलं. मी गेलो नाही. गुणवंतरावाच्या अंगणात मी अकरा वर्षांत पाय ठेवलेला नाही. भांडण म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून ही मधली भिंत घातली. मोजणी साहजिकच मी केली. आंब्याचं झाड माझ्या हद्दीत येणार अशी माझी खात्री होती. सकाळी साखळी टाकली, दुपारी पुन्हा टाकली, संध्याकाळी कंदील धरून तिसऱ्यांदा टाकली. आंबा नऊ इंचांनी गुणवंतरावाचा निघाला. माझीच मोजणी माझ्यावर उलटली. गुणवंतराव तेव्हा एवढंच म्हणाला, "तुमच्या हातची मोजणी, मुखरूभाऊ, म्हणजे खरीच असन." असं बोलल्यावर माणूस कसा विसरेल.

तेव्हा मी ठरवलं की पाखरू आपल्याकडेच आणायचं. मातीचं वाडगं आणलं, पाणी भरलं. ताटलीत तांदूळ टाकले, तेही जाडे नाहीत, नवा बारीक एचएमटी. पहिल्या दिवशी सातभाई आले. ते सात नव्हते, अकरा होते, आणि ग्रामसभेला आल्यासारखे सगळे एकदम बोलत होते. दुसऱ्या दिवशी मुंगूस येऊन पाणी पिऊन गेलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच चोरून आत शिरलोय. तिसऱ्या दिवशी रानडुकरानं कुंपणाखालून शिरून झेंडूची ओळ आणि ताटली दोन्ही उलटी केली. दूधराज काही आला नाही. तो उडत्या माश्या खातो, तांदळाला चोच लावत नाही, हे मला नंतर कळलं. कळवलं कोणी, तर भिंतीपलीकडून गुणवंतरावानं, हळू आवाजात, माझ्या बायकोला.

"मुखरूभाऊ तांदूळ काऊन वाया घालवून राह्यले?"

"त्यायले वाटते पाखरू जेवाले येईन," ती म्हणाली, आणि दोघं हसली. मोठ्यानं नव्हे. मोठ्यानं हसली असती तर मला इतकं लागलं नसतं.

ओसरीत मी एकट्यानं निधनवार्ता वाचत होतो. मेलेली माणसं एकट्यानं वाचण्यात काही गोडी नसते. त्या दिवशी माझ्याबरोबर नोकरीला लागलेला एक शिपाई गेला होता. मी कप खाली ठेवला, आणि ते पाहायला कोणी नव्हतं.

मग माझ्या डोक्यात मोजणी आली.

आमच्या गल्लीत सीमेवरच्या आंब्याबद्दल एक रीत आहे. खोड कोणाचंही असो, आंबा ज्याच्या अंगणात पडला त्याचा. यावर कधी वाद होत नाही, पोरंसुद्धा पाळतात. आणि दूधराजाची ती फांदी भिंत ओलांडून माझ्याकडे झुकली होती. घरटं नक्की कोणाच्या हद्दीवर टांगलंय, हे कोणी तपासलंच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ती भाजीला गेली, तशी मी पेटी उघडली. ओळंबा काढला. त्याचा पितळी गोळा चिंचेनं घासला, कारण काम सरकारी नसलं तरी सरकारी पद्धतीनं व्हावं. लांब बांबूच्या टोकाला दोरी बांधून मी तो घरट्याच्या बरोबर बाजूला धरला आणि गोळा खाली सोडला. मादी डोक्यावरून ओरडत फेऱ्या मारत होती. मोजणीला हरकत घेणारे मी आयुष्यभर पाहिलेत, तिकडं दुर्लक्ष केलं. गोळा स्थिर झाला, मी खाली चुन्याची खूण केली, खुणेपासून भिंतीच्या मध्यापर्यंत फीत धरली.

एक फूट नऊ इंच. माझ्या हद्दीत.

अकरा वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी पंचनामा लिहिला. 'मौजे मूल येथील आंब्याच्या फांदीवरील दूधराज पक्ष्याचे घरटे, नग एक. चतुःसीमा: पूर्वेस शेवगा, पश्चिमेस आमचा संडास, उत्तरेस विजेची तार, दक्षिणेस मोगरा. मोजणीअंती सदर घरटे मुखरू गुरनुले यांच्या हद्दीत आढळून आले.' संध्याकाळी भिंतीजवळ उभं राहून दोघांनाही वाचून दाखवला.

गुणवंतराव शेंगा सोलत होता. पूर्ण ऐकला आणि म्हणाला, "मंग घेऊन जा ना."

दिव्यानीच्या आईनं विचारलं, "पाखराची सही घेतली काय?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती कप घेऊन उठली आणि पलीकडे गेली. कारण साधं होतं. घरटं माझ्या हद्दीत असलं तरी दिसत होतं त्याच्या ओट्यावरून. माझ्या बाजूनं फांदीला दाट पानं होती. माझ्या वाट्याला फक्त खाली पडणारी शीट आली होती, तीही अर्धी संडासाच्या पत्र्यावर.

आता मी जे केलं ते सांगतो. चांगलं केलं नाही. त्याच सुमारास पिल्लं बाहेर आली होती. चार. नवतपा लागायला दोन दिवस होते. ज्यांना नवतपा माहीत नाही त्यांनी मेच्या शेवटी चंद्रपूर जिल्ह्यात यावं आणि दुपारी एक वाजता घराबाहेर उभं राहावं, समजावून सांगावं लागणार नाही. दुपारी सगळे झोपले असताना मी आंबे उतरवायचा झेला काढला. लांब काठी, टोकाला जाळी, जाळीच्या वर पातं. आंब्यासाठीच काढला असं मी स्वतःला सांगितलं. त्या फांदीवर आंबा एकही नव्हता. तीन डहाळ्या कापल्या. पानं खाली आली, आणि समोर खिडकी उघडल्यासारखं घरटं दिसू लागलं. कापलेली पानं मी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली आणि वर माती लोटली.

सकाळी मी सहज बोलल्यासारखा म्हणालो, "इथूनबी दिसून राह्यलं वाटते."

ती कप घेऊन उठलीच होती. थबकली. ओसरीतून वर पाहिलं. मग तिनं पायरीवर बस्तान मांडलं.

"चार हाय," ती म्हणाली. "चारही तोंडं उघडे. जसे काही राशनच्या लाइनीत."

त्या दिवशी मी वर्तमानपत्र उघडलंच नाही. ती घरट्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. भिंतीपलीकडे गुणवंतराव दोनदा खोकला. तिसऱ्यांदा खोकला तेव्हा मला वाटलं, आपण एवढे आनंदी होणं बरं दिसत नाही. पण झालो. दुसऱ्या दिवशीही तसंच. दोन सकाळी मिळाल्या मला. त्या मी कोणाला देणार नाही.

त्या दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमारास गुणवंतरावाची हाक आली. "आशाबाई, मादी उठून नाई राह्यली."

आम्ही दोघं बाहेर आलो. मादी घरट्यात बसली नव्हती, उभी होती. घरट्याच्या काठावर पाय रोवून, दोन्ही पंख अर्धे उघडून, चोच वासून. तिच्या पंखांखाली पिल्लं. ऊन थेट घरट्यात येत होतं आणि ती त्या उन्हाच्या आड उभी होती. नर एकटाच ये-जा करत होता, चारा आणून पिल्लांना देत होता, आणि ती जागची हलत नव्हती. ती हलली की ऊन पिल्लांवर येणार होतं.

"कालपरवापर्यंत इथी सावली होती," गुणवंतराव म्हणाला.

दिव्यानीच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. वरच पाहत होती. "पानं कोणं तोडले असन?"

"वानरं," मी म्हणालो. "परवा दुपारी फांदीवर होते. म्या हाकलले."

खोटं बोलायचं तर वानरांवर बोलावं. मूलमध्ये त्याला कोणी साक्षीदार मागत नाही. पण त्या खोट्याचं जे झालं ते मी धरलं नव्हतं. ती आत गेली, दिव्यानीच्या लहानपणची गुलेल शोधून आणली आणि गुणवंतरावाच्या ओट्यावर जाऊन बसली. वानर आलं की मारायचं म्हणून. दोघं मिळून पहारा देणार, सकाळपासून दुपारपर्यंत. त्यानं तिच्यासाठी ओट्यावर गोणपाट ओलं करून टांगलं, माठ भरून ठेवला. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं.

"आशाबाई, तुमचा नेम पक्का हाय हो."

"माहेरी धानाच्या बांधीत पाखरं हाकलले न म्या. धा वर्षाची होती."

एक्केचाळीस वर्षांत ही माहिती मला मिळाली नव्हती. माझी बायको नेमबाज आहे हे मी भिंतीआडून ऐकलं. एका वानरानं, जे कधी आलंच नव्हतं, त्यानं तिला रोज सहा तास गुणवंतरावाच्या ओट्यावर बसवलं. आणि ते वानर मी.

पहाऱ्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी संडासाकडे जाताना पत्र्याच्या कडेला काहीतरी दिसलं. पिल्लू होतं. पिसं फुटलेली नव्हती, पोट फुगलेलं, चोच अजून उघडी. खाली आलं ते चुन्याच्या माझ्या खुणेपासून वीतभर अंतरावर. रीत आमची स्पष्ट आहे. ज्याच्या अंगणात पडलं त्याचं.

मी ते हातात घेतलं. वजन काहीच नव्हतं. मोगऱ्याच्या आळ्यात खुरप्यानं खड्डा केला आणि पुरलं. हात धुतले. पलीकडून तिचा आवाज आला, "गुणवंतभाऊ, तीनच तोंडं दिसून राह्यले."

"एखादं खाली दबून बसलं असन," तो म्हणाला.

मी ओळंबा घेतला आणि घराबाहेर पडलो. गल्लीतून वळून गुणवंतरावाच्या फाटकाशी उभा राहिलो. अकरा वर्षांत त्याला गंज चढला होता. ओट्यावर दोघं बसलेली. ती गुलेल मांडीवर घेऊन, तो सुपारी कातरत.

"या मुखरूभाऊ," तो म्हणाला, जसा काही मी काल येऊन गेलो होतो.

"शिडी पाहिजे," मी म्हणालो. "माह्याकडून पोचत नाई. पत्रा हाय मधात. घरट्यावर सावली करा लागते."

"पाखरू घर सोडून देईन न," ती म्हणाली.

"जवळ केली तं सोडते. दूर केली तं पिल्लं भाजते. किती दूर करायची ते मी पाह्यतो."

इथं मात्र माझं काम होतं. मेच्या शेवटी आमच्याकडे बाराच्या ठोक्याला ओळंब्याची सावली गोळ्याच्याच खाली शिरते, इकडं तिकडं बोटभरही नाही. त्यानंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं उतरतं. म्हणजे छप्पर बरोबर डोक्यावर नको, थोडं पश्चिमेला सरकवून, घरट्यापासून दोन हात वर. मी काठी रोवली, ओळंबा टांगला, अंगणातल्या धुळीत रेघा मारल्या. गुणवंतराव माझ्या मागे उभा राहून पाहत होता. तिनं पळसाची पानं मागवली. त्याच्याच कुंपणात पळस होता, अर्थात. ओट्यावर बसून तिनं काड्या टोचून एक मोठी पत्रावळ शिवली, लग्नात चौघांना एकत्र वाढता येईल एवढी.

शिडीवर मी चढलो. खाली गुणवंतरावानं शिडी धरली. ती सुतळी आणायला आत गेली होती. कापलेल्या डहाळ्यांचे खुंट माझ्या नाकासमोर होते, तिन्ही तिरपे, गुळगुळीत, एका मापाचे.

खालून गुणवंतराव हळूच म्हणाला, "वानरं असे कापत नाईत, मुखरूभाऊ. वानरं वरबाडते."

मी गाठ मारत होतो. गाठ सुटली.

"म्या पाह्यलं होतं त्या वानराले," तो म्हणाला. "चष्मा होता त्याले."

"मंग बोलला काऊन नाई?"

"काय बोलू? वानर आशाबाईच्याच घरचं होतं."

तो हसला नाही. शिडी घट्ट धरून उभा राहिला. मी वरून त्याच्या टकलाकडे पाहिलं. इतके दिवस त्याला माहीत होतं. तिच्याशेजारी बसून, गुलेलीचे खडे वेचून देत, न येणाऱ्या वानराची वाट पाहत होता, आणि एक शब्द बोलला नव्हता. आंबा त्याचा, पाखरू त्याचं, माझ्या बायकोच्या सकाळी त्याच्या, इथवर मी सहन केलं होतं. आता मोठेपणाही त्याचाच. याला काही हद्द असायला हवी की नाही.

ती सुतळी घेऊन आली. छप्पर बांधलं. आम्ही तिघं ओट्यावर मागे सरून बसलो. मादी उडून शेवग्यावर गेली होती, ओरडत होती. मी घड्याळ पाहत होतो. बारा मिनिटं ती घरट्याकडे आली नाही. तेराव्या मिनिटाला ती घरट्याच्या काठावर उतरली, वर पत्रावळीकडे एकदा मान तिरपी करून पाहिलं. पंख उघडले नाहीत. पिल्लं सावलीत होती. मग ती सरळ डबक्याकडे गेली, पाण्यात बुडी मारून आली, आणि परत निघाली ती चोचीत माशी घेऊन.

"तीन हाय," दिव्यानीची आई म्हणाली. "चौथं कुठी गेलं?"

गुणवंतरावानं तोंड उघडलं. मला दिसलं, हा आता पुन्हा काहीतरी चांगलं बोलणार. दबलं असन म्हणेल, नाहीतर सापानं नेलं म्हणेल. माझ्यासाठी खोटं बोलेल, आणि जन्मभर मी त्याचा मिंधा राहीन.

"चौथं मेलं," मी त्याच्या आधी म्हणालो. "ऊन लागून. माह्याकडं पडलं. मोगऱ्याखाली पुरलं म्या. अन् पानं वानरानं नाई तोडले. म्या तोडले. इथून दिसावं म्हणून. तू इकडं येत होती म्हणून."

खरं बोलण्याचं श्रेय मी घेत नाही. मला फक्त गुणवंतरावाच्या आधी बोलायचं होतं.

तिनं गुलेल ओट्यावर ठेवली. रागावली असती तर मला काही सुचलं असतं.

"मी तुमाले रोज बलावत होती," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून. पन्नास पावलं हाय दारापासून दारापर्यंत. तुम्ही मोजले नाईत काय?"

मी मोजली होती. त्रेपन्न आहेत.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवण झालं काय, सिलिंडर संपला, दिव्यानीचा फोन आला होता. साडेपाचला कप घेऊन पलीकडे जायची. मीही जायचो आता, मागून, आपला कप आपण घेऊन. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचो. गुणवंतराव मध्ये. तीन माणसांनी एका घरट्याकडे पाहायचं, आणि त्यातल्या दोघांनी बोलायचं. पत्रावळ वाळून कुरकुरीत झाली, दोनदा बदलली. दोन्ही वेळा शिडीवर मी चढलो, आणि दोन्ही वेळा तिनं सुतळी माझ्या हातात न देता गुणवंतरावाच्या हातात दिली, त्यानं मला दिली.

नवव्या दिवशी सकाळी पिल्लं उडाली. एक आधी पेरूवर गेलं, मग शेवग्यावर. दुसरं थेट विजेच्या तारेवर. तिसरं दुपारपर्यंत काठावर बसून विचार करत राहिलं, ते माझ्यावर गेलं असावं. संध्याकाळी फांदीवर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली. मी ओसरीत येऊन बसलो. ती दोन कप घेऊन बाहेर आली. मला वाटलं, एक ठेवून पलीकडे जाईल. ती पायरीवर बसली. तोंड मात्र घरट्याकडे नव्हतं. मोगऱ्याच्या आळ्याकडे होतं. मी वर्तमानपत्र उघडलं नाही. उघडावं असं वाटलं नाही. ऊन अजून आलं नव्हतं आणि कुठंतरी सातभाईंची सभा सुरू झाली होती.

"मोगऱ्याले पाणी घाला आज," ती म्हणाली. "दोन दिवस झाले."

"घालतो."

ती चहा पीत राहिली. बऱ्याच दिवसांनी एवढ्या जवळ बसली होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. भिंतीपलीकडे फाटकाची कडी वाजली, मग ओट्यावर खुर्ची सरकली, मग काहीच नाही. तो पाखरू नसलेल्या झाडाकडे पाहत बसला असणार.

"गुणवंतभाऊ एकटे बसले हाय," ती म्हणाली. "त्यायलेबी बोलवा चहाले. या म्हणावं इकडं."

"बोलावतो," मी म्हणालो.

आणि मी बोलावलं. खोटं सांगत नाही, भिंतीशी उभं राहून, नाव घेऊन बोलावलं. पण त्याआधी माझा कप संपवला. सावकाश.